पलीकडच्या काठावरचं एक नाव



*साप्ताहिक चिंतन*
_पांढुर्णा आणि सौंसर परिसरातल्या गुरुदेवप्रेमींसाठी_



पोळा तोंडावर आला. पेटीतल्या झुली बाहेर निघाल्या. बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकले जातील, शिंगांना रंग लागेल. आणि पोळ्याच्या मागून जो दुसरा दिवस येतो, तो काय घेऊन येतो हे आपल्या पांढुर्ण्यात कोणाला सांगावं लागत नाही. त्याच सुमारास ५ सप्टेंबरचा शिक्षक दिनही येतो. आजचं चिंतन या दोन्ही दिवसांना धरून आहे. थोडं लांबलं आहे. सवडीने वाचा, आणि जमलं तर लेकरांना जवळ बसवून मोठ्याने वाचा.

मागच्या गुरुवारी सामुदायिक प्रार्थना झाल्यावर आपल्यातल्या एका तरुण गुरुबंधूने सूचना मांडली. तो म्हणाला, "आपल्या मंडळानेही दरवर्षी एक पुरस्कार द्यावा. जो शिक्षक लेकरांना शांततेचं शिक्षण देतो, त्याला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह." सूचना सगळ्यांना आवडली, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका माउलीने विचारलं, "गुरुजी, गणित शिकवलं तर मार्कांत दिसते. शांतता शिकवली हे कशात दिसन?"

मी बत्तीस वर्षं खडू-फळ्याजवळ काढली, पण त्या क्षणी मला उत्तर आलं नाही. "पुढच्या वेळी बोलू" म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही जाईना. आठ दिवस मनात घोळवून जे सापडलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

*१. जगाने हा प्रश्न कसा सोडवला?*

दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४५ मध्ये युनेस्को ही संस्था स्थापन झाली. तिच्या घटनेच्या सुरुवातीलाच जो विचार आहे, तो आपल्या संतांना नवा वाटला नसता. युद्ध आधी माणसाच्या मनात सुरू होतं, म्हणून शांततेची तटबंदीही मनातच उभारावी लागते, असा तो विचार. मनात काही उभारायचं म्हटलं की शिक्षक आलाच. म्हणून युनेस्कोने शांतता-शिक्षणासाठी एक पुरस्कार ठेवला आणि १९८१ पासून तो देणं सुरू झालं. १९८६ मध्ये तो ब्राझीलच्या पाउलो फ्रेइरे यांना मिळाला. गरीब, निरक्षर शेतमजुरांना अक्षरओळख करून देताना त्यांच्याच जगण्यातले शब्द घेऊन शिकवणारा हा शिक्षक. १९९२ मध्ये तो मदर टेरेसांना मिळाला. २००२ मध्ये आपल्या देशातल्या लखनऊच्या सिटी मॉन्टेसरी स्कूलला मिळाला.

पण एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्याच भाषेचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक शिक्षक आपल्यापुढे आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले नावाचे तरुण गुरुजी तिथे रुजू झाले. शाळेची इमारत पडकी, एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामान ठेवायची खोली. पुस्तकं एका भाषेत आणि बऱ्याच लेकरांच्या घरात बोली कानडी. आता अशा वेळी आपण मास्तर लोक काय म्हणतो? "पोट्ट्यांना काहीच समजत नाही." डिसले गुरुजी स्वतः कानडी शिकले. पुस्तकातले धडे लेकरांच्या भाषेत आणले. पुस्तकात क्यूआर कोड छापून त्याला कविता, गोष्टी, व्हिडिओ जोडले. आज आपली नातवंडं पाठ्यपुस्तकावर मोबाईल धरतात ना, त्या वाटेवर आधी चाललेल्यांत हे गुरुजी आहेत.

३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. १४० देशांतून बारा हजारांहून जास्त नावं होती. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे आपले सात कोटींच्या वर रुपये.

पेपरात सात कोटींचा आकडा मोठ्या अक्षरात आला. मला मात्र त्यांच्या दोन गोष्टी त्या आकड्याहून मोठ्या वाटतात.

पहिली गोष्ट. नाव जाहीर झाल्याबरोबर त्यांनी सांगितलं की यातली अर्धी रक्कम मी माझ्याबरोबर शेवटच्या दहांत असलेल्या नऊ शिक्षकांना वाटणार. इटली, ब्राझील, व्हिएतनाम, मलेशिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि इंग्लंड अशा नऊ देशांचे ते नऊ जण. प्रत्येकाच्या वाट्याला पंचावन्न हजार डॉलर आले. विचार करा बाप्पा, ज्यांच्याशी स्पर्धा होती, त्यांनाच अर्धं ताट! आपल्याकडे दोन भाऊ बांधावरच्या एका बाभळीसाठी कोर्टात जातात.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. त्यांनी एक उपक्रम चालवला, देशांच्या सीमा ओलांडण्याचा. एकमेकांशी वैर असलेल्या देशांतली लेकरं ते इंटरनेटवरून जोडून देत. भारत आणि पाकिस्तान. इस्राएल आणि पॅलेस्टाइन. इराण आणि इराक. अमेरिका आणि उत्तर कोरिया. सहा आठवडे प्रत्येक विद्यार्थ्याला पलीकडच्या देशातला एक दोस्त मिळे. दोघं एकमेकांशी बोलत, प्रश्न विचारत, आपण कुठे सारखे आणि कुठे वेगळे ते शोधत. पुरस्कार मिळाला तोवर आठ देशांतली एकोणीस हजार लेकरं यातून गेली होती.

सहा आठवड्यांत काय होतं? भारत-पाकिस्तानचा प्रश्न सुटतो का? नाही. एवढंच होतं की त्या लेकराला पलीकडच्या काठावरच्या एकाचं नाव माहीत होतं. आधी पलीकडे फक्त "ते लोक" होते. आता "ते लोक" म्हटलं की एक चेहरा समोर येतो. त्याच्या घरी आज काय जेवायला होतं, तो परीक्षेला किती घाबरतो, त्याची आजी कशी आहे, हे या लेकराला ठाऊक असतं.

माउलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं.

*२. साने गुरुजींची शाळा*

ही वाट आपल्या मातीत जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची खोली झाडणं, त्यांचे कपडे धुणं, आजारी पोरापाशी रात्र काढणं, हे सगळं त्यांनी केलं. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांच्या आजूबाजूला दक्षिणेतली माणसं होती. गुरुजी तामिळ शिकले आणि तिरुक्कुरळ मराठीत आणलं. तुरुंगातसुद्धा या माणसाने शेजारच्याची भाषा शिकून घेतली! आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. देवाच्या दारातही एक काठ आणि दुसरा काठ होताच.

एक शिक्षक कानडी शिकतो, एक तामिळ शिकतो. दोघांनी पलीकडच्याला आधी "तू माझी भाषा बोल" असं म्हटलं नाही. स्वतःच पाण्यात पाय घातला.

आपल्या भागात तर हे रोजचं आहे. घरात मराठी, शाळेत आणि तहसीलीत हिंदी, बाजाराला नागपूर. आपलं लेकरू पहिल्याच वर्गात दोन काठांवर उभं असतं. "घरची बोली गावंढळ आहे, नीट बोल" असं म्हणून जो शिक्षक त्याला हिणवतो, तो त्याच्या मनात पहिला गोटा ठेवतो. जो शिक्षक म्हणतो "तुझी आई याला काय म्हणते ते सांग बरं, मग हिंदीत काय म्हणायचं ते मी सांगतो", तो तिथेच पूल बांधतो. त्याला कोणी शांतता-शिक्षण म्हणत नाही. आहे मात्र तेच.

*३. आता आपल्या नदीवर येऊ*

इथे मला थोडं जपून बोलायचं आहे, कारण विषय श्रद्धेचा आहे आणि मी स्वतः त्या श्रद्धेतलाच आहे.

जाम नदीच्या एका काठाला आपलं पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत मधोमध पळसाचं झाड झेंडा म्हणून रोवलं जातं. दोन्हीकडून दिवसभर दगड चालतात. दरवर्षी शेकड्याने माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत, डोळे गेले आहेत. प्रशासनाने बंदोबस्त लावून पाहिला, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. आपण चेंडू बाजूला सारले आणि पुन्हा गोटा उचलला.

या दिवसामागची गोष्ट लहानपणापासून आपण ऐकतो. सांगतात की पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी एकमेकांवर जीव लावून बसले. तो तिला घेऊन नदी ओलांडत असताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघंही पाण्यातच गेले. मग दोन्ही गावांना पस्तावा झाला. दोघांचे देह उचलून चंडीमातेच्या देवळात नेले, पूजा केली आणि मग अंत्यसंस्कार केले.

आता मला सांगा, या गोष्टीत धर्म कुठे आहे? दगड मारण्यात आहे की पस्ताव्यात आहे? दगड तर रागाने मारले होते. पूजा झाली ती पस्ताव्याने. दोन्ही गावं एका देवळात, एका आईपुढे मान खाली घालून उभी राहिली, ती खरी परंपरा. आपण वर्षानुवर्षं गोष्टीचा पहिला अर्धा भाग नदीवर साजरा करतो आणि दुसरा अर्धा भाग संध्याकाळी घाईघाईने उरकतो. गोष्ट मोडा असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, गोष्ट शेवटपर्यंत वाचा.

आणि आता माझी चूक सांगतो. गुरूच्या दारात लपवून काय उपयोग?

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गोटमारीनंतर शाळा भरली. पाचवीतला एक मुलगा कपाळाला पट्टी बांधून आला. भुवईच्या वर चार टाके. मी हजेरी घेत होतो. त्याचं नाव आलं तसा मी चष्म्यावरून पाहिलं आणि हसत विचारलं, "कोण्या काठावर होता रे?" त्याने छाती फुगवून सांगितलं. वर्ग टाळ्या वाजवू लागला. मी पण हसलो. "वा रे पठ्ठ्या" म्हणालो आणि पुढचं नाव घेतलं.

पुरती दोन मिनिटं नाही लागली. पण त्या दोन मिनिटांत मी चाळीस लेकरांना जो धडा शिकवला, तो पुढे वर्षभर भूगोल शिकवूनही पुसला गेला नसता. शेवटच्या बाकावर एक मुलगा टाळ्या वाजवत नव्हता. तो सावरगावचा होता, इकडे शिकायला येत होता. तो वहीत मान घालून बसला होता. मी त्याला पाहिलं होतं. पाहूनही काही बोललो नाही. त्याचं नाव मला आज आठवत नाही, आणि हीच माझी शिक्षा आहे असं मला वाटतं.

*४. तान्हा पोळा*

त्याच शाळेत एक बाई होत्या. पहिली-दुसरीला शिकवायच्या. बोलायला अगदी कमी. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाही असतो, लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. बाईंनी काय केलं, त्या दिवशी सकाळी आपल्या वर्गातल्या लेकरांचा तान्हा पोळा स्वतःच्या अंगणात भरवायला सुरुवात केली. आंब्याच्या पानांचं तोरण बांधायच्या, प्रत्येक नंदीला ओवाळायच्या, लेकरांना आदल्या दिवशीची पुरणपोळी आणि हातावर एकेक रुपया. मग गोष्टी, गाणी, नंद्यांची शर्यत. दुपार टळेपर्यंत कोणाला सोडायच्या नाहीत. नदीपलीकडून शाळेत येणारी दोन-चार लेकरं असायची, त्यांना आदल्या दिवशीच आपल्या घरी मुक्कामाला आणायच्या. त्यांच्या आयांना स्वतः जाऊन सांगायच्या, "माझ्या जिम्म्यावर."

आम्ही बाकीचे मास्तर हसायचो. बाई भित्र्या आहेत म्हणायचो. निवृत्तीच्या वेळी मी एकदा त्यांना विचारलं, "बाई, त्यानं गोटमार थांबली थोडीच?" बाई म्हणाल्या, "गुरुजी, मी काही थांबवायला गेली नव्हती. मी फक्त माझी लेकरं दुपारपर्यंत गोठ्यात बांधून ठेवली."

पंधरा-वीस लेकरं, वर्षातून एक दुपार. पण मला पुढे जे कळलं ते ऐका. त्यांच्या हाताखालून गेलेली काही मुलं मोठी झाल्यावरही त्या दिवशी नदीवर जात नव्हती. एकाला मी कारण विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, तिकडं माझा नंदीवाला दोस्त राहते ना. त्याले लागला तर?"

माउलीच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर ते हे. शांतता शिकवली हे यात दिसते, माउली. हातात गोटा असताना लेकराला पलीकडच्या एकाचं नाव आठवलं पाहिजे, आणि त्याने म्हटलं पाहिजे, "त्याले लागला तर?" याहून मोठा मार्क कोणता?

डिसले गुरुजींच्या सहा आठवड्यांच्या दोस्तीत आणि या बाईंच्या अंगणात मला काही फरक दिसत नाही. एकाचं काम जगाने पाहिलं, चांगलं झालं, पाहायलाच हवं होतं. दुसरीचं काम फक्त तोरणाने पाहिलं.

*५. महाराजांनी काय दाखवलं?*

वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजिरी हातात घेऊन गावोगाव फिरले. १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म आणि विश्वशांतीच्या परिषदेला गेले, आणि त्याच वर्षी ग्रामगीता लोकांपुढे आली. विचार करा, जगाच्या शांतीबद्दल बोलायला गेलेला हा संत लिहितो कशाबद्दल? गावाबद्दल. गल्ली, विहीर, शाळा, पंगत, सण, स्मशान. कारण महाराजांना माहीत होतं की जगाची शांती गावाच्या रस्त्यानेच येते, आणि ग्रामगीतेत शिक्षणाचा विचार त्यांनी जीवनापासून वेगळा काढला नाही.

आणि सामुदायिक प्रार्थना काय आहे? सगळ्या जातीधर्मांची माणसं एका ओळीत, एका सतरंजीवर. तुमच्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसलं आहे त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर आपली प्रार्थना अजून अर्धीच झाली आहे. पाठांतर झालं, ओळख राहिली.

आणखी एक बोलतो, रागावू नका. आजकाल गोटा फक्त नदीवर नसतो. तो मोबाईलमध्ये असतो. कोण्या समाजाबद्दल, कोण्या धर्माबद्दल काहीतरी येतं आणि आपण अंगठ्याने पुढे ढकलतो. दगडाला निदान उचलून फेकायला जोर लागतो. याला तोही लागत नाही. कोणाला लागला ते दिसतही नाही. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा, त्या समाजातल्या एकाचं नाव मला ठाऊक आहे का? आणि त्याले लागला तर?

*६. मग पुरस्काराचं काय?*

पुरस्कार द्यावा. जरूर द्यावा. चांगल्या माणसाचा मान केला की गावाची नजर तिकडे वळते. पण मंडळापुढे मी या गोष्टी ठेवतो, त्यावर येत्या गुरुवारी बोलू.

🔸 पुरस्कारासाठी अर्ज मागवू नये. बाईंनी कधीच अर्ज भरला नसता. जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं, तुमच्या कोणत्या शिक्षकामुळे तुम्हाला पलीकडचा एक दोस्त मिळाला?

🔸 पांढुर्णा आणि सौंसर आता एकाच जिल्ह्यात आहेत. एका वर्षी पांढुर्ण्याच्या माणसांनी सौंसरकडचा शिक्षक निवडावा, पुढच्या वर्षी सौंसरच्या माणसांनी पांढुर्ण्याकडचा. आपला माणूस आपणच निवडला तर ते घरातलं कौतुक झालं.

🔸 मंचावर बोलावू नये. आपण दहा जण त्या शिक्षकाच्या घरी जावं, त्याच्या ओसरीवर प्रार्थना करावी. रक्कम जी असेल तिचा अर्धा भाग त्याने कोणाला द्यायचा ते त्यानेच ठरवावं. परितेवाडीच्या गुरुजींनी ही रीत घालून दिली आहे, ती आपण पाळावी.

🔸 आणि यंदा पुरस्काराची वाट न पाहता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी ज्यांच्या घरी अंगण आहे त्यांनी तान्हा पोळा भरवावा. दहा लेकरं बोलवा, त्यांत दोन तरी पलीकडची असू द्या. सकाळपासून दुपार टळेपर्यंत. पोळी उरतेच, नंदी आहेतच. खर्च काही नाही.

संध्याकाळी मात्र आपण सगळे चंडीमातेच्या दर्शनाला जाऊ. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. त्या दोन जीवांसाठी, आणि आजवर या नदीवर ज्यांच्या घरचा दिवा विझला त्यांच्यासाठी, पाच मिनिटं मौन धरू.

माझ्या अंगणात यंदा तोरण बांधलेलं असेल. मी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाव विसरलो. आता त्याची लेकरं शाळेत जात असतील. त्यांतलं एखादं नंदी घेऊन माझ्या दारात आलं, तर यंदा मी आधी त्याचं नाव विचारीन, आणि विसरणार नाही.

सर्वांना पोळ्याच्या शुभेच्छा. बैलांना जपा, लेकरांना जपा, पलीकडच्यांनाही जपा.

जय गुरुदेव! 🙏

_(हे चिंतन आवडलं तर एका शिक्षकाला पाठवा. आणि एकाला तरी, जो नदीच्या पलीकडे राहतो.)_